पाठमोरी आत्या

नवी मुंबईला जाऊन आले म्हटल्यावर पार्लरमधल्या बायका पहिलं विचारतात ते समुद्राचं. बघितला का, पाय बुडवले का, आणि नटनट्या कुठं राहतात ते तरी दिसलं का? समुद्र मी बघितला नाही. खाडी बघितली. पाणी ओसरलं की तिथं नुसता चिखल उरतो आणि त्या चिखलात गुलाबी पक्षी तासन्‌तास उभे असतात. नटी म्हणाल तर ती मीच झाले, आणि त्याचीच ही हकिगत आहे. एकेकीला खुर्चीत बसवून तुकड्या-तुकड्यानं सांगून माझं तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

माझं बार्शीत ब्यूटी पार्लर आहे. शेजारच्याच घरात माझा थोरला भाऊ राहतो, आण्णा. त्याची एकुलती एक मुलगी केतकी. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून पोरीच्या वेण्या घातल्या त्या मी, आणि शाळेच्या गॅदरिंगला गालाला लाली लावली तीही मीच. पोरगी पुण्याला शिकली, तिथून नवी मुंबईला गेली आणि सिनेमा करायला लागली. टॉकीजला लागतो तसला नव्हे. चार मित्रमैत्रिणींनी मिळून लिहायचं, आपणच कॅमेरा धरायचा, आपणच जोडायचं, असला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला ती आली आणि फराळाच्या ताटावर आण्णाला म्हणाली, "माझं एका मुलीवर प्रेम आहे. आम्ही एकत्र राहतो." मुलीचं नाव रोहिणी, बौद्ध घरातली. आण्णाला दोन्ही गोष्टी एकदमच गिळायच्या होत्या आणि त्याला एकही गिळता आली नाही. भांडण झालं असतं तर परवडलं असतं. तो नुसता ताटावरून उठला. त्यानंतर फोनवर "तब्येत बरी आहे ना?" एवढंच, आणि पलीकडून "हो आण्णा." मी मध्ये पडायला गेले की म्हणायचा, तू तुझं पार्लर बघ.

यंदा थंडी सरता सरता केतकीचा फोन आला. "आत्या, आमच्या फिल्मला मेकअप करायला येतेस का? चारपाच दिवसांचं काम आहे." मी आण्णाला सांगितलं, केतकीकडं चाललेय. तो म्हणाला, "थंडीचं काहीतरी घेऊन जा." तिकडं थंडी नसते, हे त्यालाही ठाऊक होतं.

घणसोली

ट्रॅव्हल्सनं सकाळी नेरूळला हायवेवरच्या पुलाखाली उतरवलं. न्यायला केतकी येणार होती, आली रोहिणी. हेल्मेट काखेत, केस बारीक कापलेले. पाया पडावं की हात मिळवावा हे तिला ठरवता येईना, म्हणून तिनं माझी मेकअपची पेटीच हातातून काढून घेतली. माझं लक्ष धंद्याच्या सवयीनं भुवयांकडं गेलं. आयुष्यात कधी कोरलेल्या नव्हत्या, पण कमान अशी की मला तास घालवूनही जमली नसती. तेच मी बोलून गेले. ती लाजली आणि दोघींचंही अवघडलेपण जरा सैल झालं.

आमच्याकडं पत्ता म्हणजे भगवंताच्या देवळामागं, अमक्याच्या गिरणीशेजारी. इथं सगळे आकडे. सेक्टर अमुक, प्लॉट तमुक, बिल्डिंग, विंग. रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ, आणि त्या सरळ रस्त्यात मध्येच जुनं गाव निघतं. तिथं घरं दाटीनं, दारात कोंबड्या, आणि स्कूटर आपोआप हळू होते. यांचं घर घणसोलीत, तळवली गावाला लागून. दोन खोल्या. भाड्यानं देताना मालकीणबाईंनी विचारलं होतं म्हणे, दोघी बहिणी का? केतकीनं "नाही" म्हटलं, आणि बाईंनी पुढं विचारलं नाही. "इथं हे एक बरंय आत्या," केतकी म्हणाली, "मेंटेनन्स वेळेवर भरला की कुणी टेन्शन देत नाही."

नाश्त्याला रोहिणीनं चुरमुऱ्याचा सुशीला केला, वर शेंगदाण्याचा कूट. मी म्हटलं, अगं, हे तुला कुणी शिकवलं? ती म्हणाली, "आमी परभणीचे ना. पप्पा तळोजाला केमिकल कंपनीत लागले, तेव्हा मी लहान होते. मम्मी रोज हाच डबा द्यायची." मुंबईत येऊन घरचाच घास मिळाला. मी दुसऱ्यांदा वाढून घेतला, आणि तिसऱ्यांदा नको म्हणता म्हणता तोही.

यांच्या टोळीतला तिसरा होता मयूर, सारसोळ्याचा, कोळ्यांचा. तो आवाजाचं काम बघायचा. जन्मला तेव्हा घरच्यांनी मुलीचं नाव ठेवलं होतं. ते काय होतं ते त्यानं सांगितलं नाही आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही. दिसायला काटक, बोलायला गमत्या. मला त्यानं पहिल्याच दिवशी त्यांचा कायदा समजावला.

"आत्या, आपला एकच रूल. कुनाचं दुसऱ्यानी ठरवाचं नाय. शूटिंग झालं की सगले एकत्र बसून शूट केलेलं बगतो. त्याला आमी आरसा म्हनतो. ज्याला वाटंल त्यानी सांगाचं, माजा चेहरा काढा. का म्हनून कोन विचारनार नाय."

"आणि तोच शॉट भारी असला तर?"

"तरी काढाचा."

त्यानं स्वतःचंच उदाहरण दिलं. आदल्या आठवड्यात जेट्टीवर जाळं ओढतानाचा त्याचा शॉट घेतला होता. त्यासाठी रोहिणी कॅमेरा घेऊन गुडघाभर चिखलात उभी राहिली होती. आरशात बघितल्यावर तो म्हणाला, नको. रोहिणीनं चहाचा कप खाली न ठेवता तो शॉट पुसून टाकला. माझ्या पार्लरमध्ये बायका एकमेकींचे केससुद्धा न विचारता ठरवतात. मला हे पोरांचं फारच सोवळं वाटलं, पण आवडलंही.

त्याच दुपारी गोची झाली. फिल्ममध्ये आई-मुलीची गोष्ट होती. मुलीचं काम केतकीच करणार होती. आईच्या कामाला वाशीच्या हौशी नाटकातल्या एक बाई ठरल्या होत्या. त्यांच्या घरच्यांनी कथा वाचली आणि बाईंचा फोन आला, जमणार नाही. केतकीनं त्यांना काहीच विचारलं नाही, "ठीक आहे काकू" म्हणाली आणि फोन ठेवून भिंतीकडं बघत बसली. मग तिघंही माझ्याकडं बघायला लागले.

"ए, माझ्याकडं काय बघताय? गॅदरिंगला मी पडदा ओढायचे!"

"आत्या, आईचं फक्त एकच मोठं काम आहे," केतकी म्हणाली. "मुलगी तिला सांगते. ती ऐकते."

"काय सांगते?"

"मी आण्णाला सांगितलं तेच."

मग मला नाही म्हणता येईना.

सारसोळे

शूटिंग मयूरच्या घरी. नेरूळच्या उंच बिल्डिंगा संपतात न संपतात तोच हे गाव लागतं. दारात जाळी वाळत घातलेली, आणि वासावरूनच कळतं की रस्ता बरोबर आहे. मयूरच्या आईनं दारातच मला हाताला धरून आत घेतलं. "या बाय, बसा. च्या घेव का कोलबीचा रस्सा?" सकाळी नऊला! आम्ही बार्शीकर मटण खाणारे, मासा म्हणजे फार तर उजनीचा. मी चहा म्हटलं. त्यांनी दोन्ही आणलं.

सीनमध्ये आईनं कोळंबी सोलत बसायचं होतं. मला आयुष्यात कोळंबी सोलायला मिळाली नव्हती. मयूरच्या आई समोर बसल्या.

"अशी नाय बाय, अशी. पयली मुंडी काढाची. मंग पाय. तुमच्या गावान कोलबी नाय?"

"आमच्या गावात पाणीच नाही, कोळंबी कुठली."

"मंग जगता कशी?"

त्यांनी हे इतक्या काळजीनं विचारलं की मयूर हेडफोन काढून हसायला लागला. माझी बोली काही कोळणीची होईना. शेवटी केतकीनं ठरवलं, आई बार्शीहून लग्न होऊन आलेली दाखवू. मी म्हटलं, चला, सिनेमात तरी मला समुद्राकाठी दिलं.

आणि मग मयूरचं सुरू झालं. सगळं जमून आलं की तो हात वर करायचा, "आवाज हाय." कधी पाम बीच रोडवरच्या मोटरसायकली, कधी शेजारचा कुकर, कधी विमान. सगळे गप्प बसून विमान जायची वाट बघायचे. मी इतकी शांतता बार्शीत बारा महिन्यांत ऐकली नसेल. बायका बोलत नाहीत असं माझं पार्लर कधी असतच नाही.

मला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. कॅमेऱ्याकडं बघायचं नाही, आणि केतकीचं बोलणं खरंच ऐकायचं. मी दाराकडं तोंड करून बसले, रोहिणी कॅमेरा घेऊन कुठंतरी मागं होती. केतकी समोर येऊन बसली आणि म्हणाली, "आई, मला ज्या माणसाबरोबर जन्म काढायचाय, ती मुलगी आहे." तिचा आवाज दिवाळीतलाच होता, अगदी तसाच, शेवटी बारीक होत गेलेला. लिहिलं होतं त्याप्रमाणं मला थोडं थांबून म्हणायचं होतं, "मग तिला घेऊन का नाही आलीस?" मी म्हणाले, पण मध्येच रडू आलं. खरं रडू. नाक लाल, डोळ्यांतलं काजळ गालावर, माझी सगळी कला धुऊन गेली. हात कोळंबीचे, पुसायची सोय नाही.

"कट," केतकी म्हणाली आणि उठून मला बिलगली. मयूरच्या आईही पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या. मला वाटलं, जमलं बुवा आपल्याला.

आरसा

सगळं आवरून संध्याकाळी आम्ही त्याच खोलीत लॅपटॉपभोवती बसलो. एका शॉटमध्ये मयूरच्या आई मागून ताट घेऊन जाताना दिसत होत्या. मयूरनं विचारलं, "आये, ठेवू का काढू?" त्या म्हणाल्या, "ठेव. पन जरा जास्ती दिसूदे की रं." सगळे हसले.

मग माझा सीन लागला. पडद्यावर माझी पाठ आली. ब्लाउजचं हूक, मानेवरचा अंबाडा. मग माझे हात आणि कोळंबी, छान दिसत होते. मग केतकीचा चेहरा, बोलतानाचा. मग परत माझी पाठ. "मग तिला घेऊन का नाही आलीस?" हे माझ्या अंबाड्यानं म्हटलं. माझी पाठ जरा हलली, म्हणजे मी रडले असणार. संपलं.

"पुढचं?" मी म्हटलं.

मयूर हेडफोनची वायर गुंडाळायला लागला.

"माझं तोंड कुठाय?"

केतकी खाली बघत म्हणाली, "आत्या, तुला तिथं राहायचंय. शेजारी आण्णा, पार्लरला सगळं गाव. हे कुणी बघितलं तर उद्या तुलाच ऐकवतील. म्हणून आम्ही तुझा चेहरा घेतलाच नाही. पाठमोरीसुद्धा सुंदर दिसतेस."

एवढी चिडले मी! लॅपटॉपवर हात आपटणार होते, मयूरनं तो पटकन बाजूला घेतला.

"अगं ए शहाणे! कुणाचं दुसऱ्यानं ठरवायचं नाही म्हणता ना? मग माझ्या थोबाडाचं कुणी ठरवलं? जग मला आपलं तोंड नीट दिसावं म्हणून पैसे देतं आणि तू माझा अंबाडा दाखवतेस? मला विचारलंस का?"

रोहिणीचा चेहरा उतरला. "चुकलं, आत्या," ती म्हणाली. "कॅमेरा माझ्या हातात होता. मी विचारायला पाहिजे होतं. आमाला इतकी भीती असते ना कुणाला त्रास व्हायची, की कळलंच नाही."

मयूर कपाळाला हात लावून बसला. "आपलाच रूल, आनि आपुनच मोडला."

केतकी मग सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "आता विचारते. उद्या परत घेऊ. तुझा चेहरा घेऊ का? नाही म्हणालीस तर कारण विचारणार नाही, फिल्म अशीच पुरी करू."

आणि इथं मी खरं सांगते, त्या क्षणी माझी हवाच निघून गेली. रागावणं सोपं होतं. आता उत्तर द्यायचं होतं आणि उत्तर माझ्या एकटीचं होतं. डोळ्यांसमोर पार्लरच्या खुर्च्या आल्या. त्यावर बसणाऱ्या, हळदीकुंकवाला बोलावणाऱ्या, लेकीसुनांना पाठवणाऱ्या बायका आल्या. आण्णा आला. फिल्म कुठं ना कुठं दाखवणारच, आजकाल मोबाईलवर काय जात नाही! एकदा माझा चेहरा त्यात दिसला की घरावर टाकलेला पडदा मीच ओढून काढल्यासारखं होणार. केतकीला लोक म्हणतील, बाहेर गेली, बिघडली. मी तर गावातच आहे. न विचारता पाठ घेतली होती तेच बरं होतं, असंही क्षणभर वाटलं. भीती वाटली मला, खूप वाटली.

"उद्या सकाळी सांगते," म्हटलं आणि मयूरच्या आईंनी वाढलेल्या जेवणाला बसले. त्यांनी माझ्या ताटात कोळंबी मयूरपेक्षा जास्त वाढली.

जेट्टी

सकाळी सारसोळ्याच्या जेट्टीवर गेलो. पाणी भरलेलं, होड्या लागलेल्या. तिघं लांब थांबले. मी आण्णाला फोन लावला. त्याला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

"आण्णा, केतकीच्या सिनेमात मी काम करतेय. आईचं. मुलगी सांगते की तिचं एका मुलीवर प्रेम आहे आणि आई म्हणते, तिला घेऊन का नाही आलीस. माझा चेहरा दिसणार आहे."

मी फोन कानापासून काढून बघितला, कट तर झाला नाही ना.

"मला कशाला विचारतीस?" तो शेवटी म्हणाला.

"विचारत नाहीये. सांगायलेय."

मग म्हणाला, "कॅमेरा कोण धरतंय?"

"रोहिणी."

"नीट धरती का?"

"छान धरती. काल मात्र चुकली."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. शिवी दिली असती तरी कळलं असतं. "बरं"चं काय करायचं? मी पोरांकडं वळून म्हटलं, "चला, कोळंबी आणा."

तो सीन परत केला. या वेळी रोहिणी समोर बसली, माझ्यापासून हातभर अंतरावर. कॅमेरा उचलायच्या आधी तिनं विचारलं, "आत्या, चेहरा घेऊ?" सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं. मी म्हटलं, "घे." मयूरनं हात वर केला, विमान होतं, म्हणून आम्ही थांबलो. मग केतकीनं तेच सांगितलं आणि मी तेच विचारलं. रडू आलं नाही या वेळी. मी तिच्याकडं नीट बघितलं, आणि बोलले. आरशात तोच शॉट ठेवायचं मी स्वतः सांगितलं. नाक जरा मोठं दिसतंय, पण ते माझंच आहे.

निघताना रोहिणीनं डबा दिला. मी तिच्या भुवयांवरून एकदा बोट फिरवलं आणि बजावलं, यांना कुणाचा दोरा लावून घेऊ नकोस.

बार्शी

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही, रात्रभर झोपले. पार्लरमध्ये मी स्वतःच सांगून टाकलं. काहींनी भुवया उडवल्या, एक-दोघी यायच्या बंद झाल्या. एकजण मात्र सगळ्यांची पाठ वळल्यावर हळूच म्हणाली, "माझ्या भाच्याला दाखवायचं होतं हो." त्या बाईंनी एवढंच सांगितलं, आणि पुढं मी विचारलं नाही.

महिन्याभरानं केतकीनं जोडलेली फिल्म माझ्या मोबाईलवर पाठवली. मी जेवणानंतर आण्णाच्या घरी गेले. फोन त्याच्यासमोर तांब्याला टेकवून ठेवला आणि चालू केला. त्यानं नको म्हटलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत लावला. पडद्यावर त्याची मुलगी त्याला सांगितलेलं सांगत होती आणि त्याची बहीण त्याच्या वाटचं उत्तर देत होती. माझा चेहरा एवढा मोठा आला की मलाच संकोच वाटला. शेवटी नावं येतात, ती त्यानं ओठ हलवत एकेक वाचली.

संपल्यावर त्यानं फोन उचलून माझ्या हातात दिला.

"सगळे दिसले," तो म्हणाला. "ती नाही कुठं दिसली."

"कोण?"

"कॅमेरा धरणारी."

"ती कशी दिसंल? ती कॅमेऱ्यामागं होती. तिला बघायचं तर घणसोलीला जावं लागंल."

आण्णा तांब्यातलं पाणी प्याला.

"गाडी किती वाजता असती?"

"रात्री, जेवणं झाल्यावर. दोन सीटा सांगू?"

"सांग," आण्णा म्हणाला. "खिडकीची मला."